आधी आया मोजा: शिंदळ माकुडी पुन्हा कड्यावर नेण्यापूर्वी

शिंदळ माकुडी या कड्यांवर वाढणाऱ्या दुर्मीळ वनस्पतीचं बोटभर कांडं तोडून दोन दिवस सावलीत ठेवलं आणि मुरमाड मातीत खोचलं, तर त्याला मुळं फुटतात. विशेष कसब लागत नाही. एका कुंडीतल्या झाडापासून दोन-तीन वर्षांत शंभर रोपं सहज होतात. दुर्मीळ वनस्पतींच्या कामात नव्यानं उतरलेल्यांची पहिली चूक इथेच होते. शंभर रोपं तयार झाली, ती कड्यावर लावली, फोटो काढले, आणि वनस्पती वाचली असं वाटलं. प्रत्यक्षात ती शंभर रोपं म्हणजे एकाच झाडाचे, एकाच आईचे, शंभर तुकडे असतात. एकावर जो रोग पडेल तो सगळ्यांवर पडेल, एकाला जो उन्हाळा सोसणार नाही तो कुणालाच सोसणार नाही.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना संकटग्रस्त वनस्पतीचं पुनर्रोपण करायचं आहे पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. गिर्यारोहकांचे गट, गावची जैवविविधता समिती, महाविद्यालयातली मुलं, कुणीही असो. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे, म्हणजे पायऱ्या हवेत राहत नाहीत.

शिंदळ माकुडीची ओळख थोडक्यात. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६५ साली तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. हल्लीच्या वर्गीकरणात ती बुसेरोशिया फ्रेरी किंवा सेरोपेजिया फ्रेरी या नावानंही सापडेल, तेव्हा शोधताना तिन्ही नावं पाहा. ती फक्त महाराष्ट्रात आहे. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी, बेसॉल्टच्या उभ्या कड्यांच्या कपारीत. खोड मांसल आणि लोंबतं. पाऊस आला की पानं येतात, कोरड्या दिवसांत गळतात. पावसाळ्याच्या शेवटी गडद तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं, पाच पाकळ्यांच्या तारेसारखं फूल येतं आणि त्यावर माशा येतात. त्या माशाच तिचं परागीभवन करतात. रुईच्याच गोतावळ्यातली असल्यानं तिचे पराग सुटे नसतात, पुंजक्यांत बांधलेले असतात. शेंगा जोडीनं येतात आणि बियांना रेशमी म्हातारी असते, वाऱ्यावर उडणारी. एके काळी जगातल्या बारा सर्वांत धोक्यातल्या वनस्पतींत तिचं नाव घेतलं जायचं.

पहिली पायरी: लावायची गरज आहे का?

हा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारा. आहे त्या कड्यावरची झाडं शेळ्या खात असतील, दर उन्हाळ्यात वणवा लागत असेल, किंवा कुणी संग्राहक दोर लावून झाडं उपटून नेत असतील, तर नवीन रोपं लावून काहीही होणार नाही. तीही त्याच वाटेनं जातील. आधी कारण थांबवा. गुराख्यांशी बोला, गवत वाळण्याआधी जाळरेषा काढा, पायवाट दहा फूट बाजूला न्या. कित्येकदा एवढ्यानंच झाडं आपली आपण वाढतात.

पुनर्रोपणाचे प्रकारही वेगळे आहेत. असलेल्या समूहात भर घालणं हा एक. जिथून ती नाहीशी झाली तिथं परत आणणं हा दुसरा. जिथं ती कधीच नव्हती तिथं नेणं हा तिसरा, आणि नवख्यांनी याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१३ साली या सगळ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. काम सुरू करण्याआधी ती एकदा वाचाच.

दुसरी पायरी: परवानगी आणि सोबत

वनजमिनीवरचं एक पानही परवानगीशिवाय तोडू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करा. शिवनेरीसारखा किल्ला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचीही परवानगी लागते. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कारण तुम्ही शहरात परतल्यावर कड्याकडे लक्ष ठेवणारी माणसं तीच असतात. वनस्पतीची ओळख मात्र जाणकाराकडूनच पक्की करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं वनस्पतिशास्त्र उद्यान आहे, जिथं कंदीलपुष्पांचा, म्हणजे सेरोपेजिया या माकुडीच्या नातलगांचा, मोठा संग्रह सांभाळला आहे.

नेमकी ठिकाणं कुठंही जाहीर करू नका. फोटोतली जीपीएसची नोंद काढूनच तो पुढे पाठवा. अशी झाडं जमवणारे लोक जगभर आहेत.

तिसरी पायरी: कड्यावर किती झाडं आहेत?

सोपा वाटणारा हा प्रश्न खरं तर सगळ्यांत अवघड आहे. एका कपारीतून खाली आलेला झुपका वीस खोडांचा दिसतो, पण मूळ एकच असू शकतं. तुटलेलं कांडं खालच्या बेचक्यात पडून तिथं रुजलेलंही असू शकतं. ती दोन झाडं दिसतात, पण जनुकांच्या हिशेबानं एकच.

म्हणून कड्याचे भाग पाडा. दुर्बिणीनं आणि लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यानं प्रत्येक झुपक्याची जागा कड्याच्या छायाचित्रावर टिपा आणि क्रमांक द्या. फुलं आली की प्रत्येक झुपक्याच्या फुलाचा जवळून फोटो घ्या. ठिपक्यांची नक्षी, पाकळीची रुंदी, रंगाची गडदता यांत फरक दिसला तर ती वेगळी झाडं असण्याची शक्यता वाढते. हा पुरावा पक्का नव्हे. पक्कं उत्तर डीएनए तपासणीतून मिळतं आणि एखाद्या विद्यापीठानं ती करून दिली तर उत्तमच. पण ती होईपर्यंत हात बांधून बसू नका. साधा नियम ठेवा: एकाच झुपक्यातून किंवा त्याच्या थेट खालच्या पट्ट्यातून दुसरी आई, म्हणजे कांडं किंवा बी घ्यायचं दुसरं झाड, घ्यायची नाही.

दोरावर उतरायचं काम फक्त प्रशिक्षित गिर्यारोहकांनी करावं. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा, आणि पोळं दिसलं तर त्या दिवशी परत फिरा.

चौथी पायरी: आया निवडणं

ज्या झाडावरून कांडं किंवा बी घेतलं ते झाड म्हणजे आई. या सगळ्या कामाचा जीव या एका शब्दात आहे.

थोडं गणित करू, अवघड नाही. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. समजा दुष्काळ सोसायला मदत करणारी एखादी प्रत समूहात दर १०० प्रतींमागे फक्त ५ आहे. तुम्ही एकाच झाडावरून रोपं केलीत तर ती प्रत तुमच्या हाती येण्याची शक्यता साधारण १० टक्के. एकमेकांशी नातं नसलेल्या ५ आया घेतल्यात तर ४० टक्के. १० घेतल्यात तर ६४ टक्के. ३० आया घेतल्यात तर ९५ टक्के. म्हणून एका समूहातून ३० ते ५० आया घ्या असं सांगितलं जातं. त्यापुढे कष्ट वाढतात, फायदा फारसा वाढत नाही.

आणि कड्यावर मुळात १२च झाडं असतील तर? मग बाराच्या बारा आया घ्या. मरतुकडं, सावलीतलं, कमी फुलणारं असं कोणतंही झाड वगळू नका. देखणी झाडं तेवढी निवडायची सवय आपल्याला बागकामातून लागलेली असते. इथे ती मोडायची आहे. सावलीतलं खुरटं झाड कदाचित असं काही बाळगून असेल ज्याची गरज आणखी पन्नास वर्षांनी पडेल.

बी घ्यावं की कांडं? जमेल तिथं बी. प्रत्येक बी ही दोन झाडांच्या जनुकांची नवी मिसळ असते, तर कांडं म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. पण कड्यावरच्या शेंगा तडकून म्हाताऱ्या उडून जाण्याआधी हाती लागायला हव्यात. त्यासाठी कच्च्या शेंगेवर मलमलीची सैल पिशवी बांधून ठेवतात. एका झाडावरच्या पिकल्या बियांपैकी दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. कांडी घेत असाल तर मोठ्या झुपक्यातून दोन-तीनच घ्या, तीही धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं. प्रत्येक झाडानंतर पातं पुन्हा पुसा.

पाचवी पायरी: वही

मला विचाराल तर रोपवाटिकेपेक्षा वही महत्त्वाची. प्रत्येक आईला सांकेतिक क्रमांक द्या. शिवनेरीवरची सातवी आई आणि तिचं तिसरं कांडं, तर "शि-७-३". वहीत तारीख, कड्याची दिशा, कपारीची खोली, सावली की ऊन, झुपक्याचा आकार, फोटोचा क्रमांक आणि कांडं कुणी काढलं हे लिहा. त्या रोपाची पुढे कधीही वाटणी झाली तर क्रमांक सोबत गेलाच पाहिजे.

सुरुवातीच्या एका वर्षी आमच्या गटानं साध्या मार्करनं प्लास्टिकच्या पट्ट्यांवर क्रमांक लिहिले होते. एका पावसाळ्यात निम्म्या पट्ट्या कोऱ्या झाल्या. रोपं धट्टीकट्टी होती, पण कोणती कुणाची ते सांगता येईना. शेवटी ती सगळी रोपं शाळांच्या बागांत द्यावी लागली, कड्यावर एकही नेता आलं नाही. त्या रोपांच्या आया अजून आमच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांतली एक तर नंतर दरडीबरोबर गेली. तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर खिळ्यानं कोरून तो तारेनं कुंडीला बांधतो, आणि दुसरी पट्टी मातीत पुरून ठेवतो.

सहावी पायरी: रोपवाटिकेतली समान वाटणी

काही आयांची कांडी भराभर फुटतात, काहींची सडतात. लक्ष दिलं नाही तर दोन वर्षांत रोपवाटिका एकाच आईच्या लेकरांनी भरून जाते. याचा हिशेब करायची एक पद्धत आहे, ती प्रत्येकानं शिकून घ्यावी. प्रत्येक आईचा एकूण रोपांतला हिस्सा काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि त्या बेरजेनं १ ला भागा. येणारं उत्तर म्हणजे तुमच्या खऱ्या, परिणामकारक आयांची संख्या.

समजा २० आयांची १०० रोपं आहेत आणि प्रत्येकीची ५. हिस्सा ०.०५, वर्ग ०.००२५, बेरीज ०.०५, उत्तर २०. छान. आता त्याच २० आया, तीच १०० रोपं, पण एका आईची ८१ आणि बाकी १९ जणींचं एकेक. बेरीज होते ०.६५८ आणि उत्तर येतं दीड! कागदावर वीस आया, प्रत्यक्षात दीड. हा आकडा पहिल्यांदा काढला की माणूस गप्प होतो.

म्हणून मागं पडलेल्या आयांवर जास्त मेहनत घ्या. त्यांची जास्त कांडी लावा, आणि पुढं गेलेल्यांची जादा रोपं बाजूला काढा. ती शाळांना, उद्यानांना द्या, मात्र कड्यावर नेऊ नका. रोपांचे लाड करणंही टाळा. भरपूर शेणखत, रोजचं पाणी आणि हिरव्या जाळीखालची थंड सावली मिळालेलं रोप मार्चमधल्या तापलेल्या कातळावर टिकत नाही. निचऱ्याचं मुरमाड मिश्रण वापरा, उन्हाळ्यात पाणी तोडा, पानं गळू द्या.

रोपवाटिकेत नारिंगी रंगाच्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या येतील. रुईवर वाढणारी ही अळी माकुडीही खाते. औषध न फवारता त्या उचलून जवळच्या रुईवर सोडा.

सातवी पायरी: दोन गडांची झाडं एकत्र करावीत का?

या प्रश्नावर मतभेद आहेत. जवळच्या नात्यातच संकर होत राहिला तर पिढ्या दुबळ्या होतात, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. रुईच्या गोतातल्या अनेक वनस्पतींत तर स्वतःच्या परागानं शेंगच धरत नाही. मग एकाच आईच्या नकला कड्यावर कितीही फुलोत, शेंग लागणार कशी? उलट बाजूनं, फार वेगळ्या परिस्थितीतली झाडं एकत्र आणली तर त्यांच्या संततीत स्थानिक जुळणी बिघडू शकते.

हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावरची चंदेरी पानांची सिल्व्हरस्वोर्ड ही वनस्पती इथं आठवते. बाहेरून आणलेल्या मेंढ्या-शेळ्यांनी ती खाऊन संपवली आणि थोडी झाडं जनावरं पोहोचू शकत नाहीत अशा कड्यांवर उरली, अगदी आपल्या माकुडीसारखीच. १९७० च्या दशकापासून शेकडो रोपं पुन्हा लावली गेली. नंतर लक्षात आलं की ती सगळी अवघ्या दोन आयांची संतती होती. ही वनस्पती स्वतःच्या परागानं बी धरत नाही. मग कड्यांवर उरलेल्या रानटी झाडांचे पराग हातानं आणून नव्या आयांचा वारसा मिसळावा लागला. सुरुवातीला वाचवलेले कष्ट नंतर कितीतरी पटींनी मोजावे लागले.

माझा सल्ला असा. जवळच्याच गडावर भरपूर आया असतील तर त्याच घ्या. तिथं पाच-सहाच उरल्या असतील तर तशाच उंचीच्या, तशाच पावसाच्या शेजारच्या गडावरच्या काही आया मिसळा. मात्र हा निर्णय एकट्यानं घेऊ नका, वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारा, आणि मिसळलेली रोपं कोणत्या कपारीत लावली ते वहीत वेगळं ठेवा. मूळ कड्यावर लगेच मिसळ करू नका. आधी दुसऱ्या जागी करून दोन पिढ्या पाहा.

आठवी पायरी: जागा आणि लावणी

जागा निवडताना आधी जिवंत झाडांकडे पाहा. ती कोणत्या दिशेला आहेत, दुपारचं ऊन किती तास असतं, कपारीत किती माती आहे, शेजारी कोणतं शेवाळ आणि गवत आहे. नव्या जागी यातलं बरंचसं जुळायला हवं. फुलं येण्याच्या दिवसांत तिथं माशा फिरतात का तेही पाहा. परागण करणारा कीटक नसेल तर फुलं नुसती शोभेची राहतात.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून कातळ भिजला की लावणी करा. कुंडीतली माती नेऊ नका. मुळं पाण्यात हलक्या हातानं धुऊन, कपारीतल्याच मातीत रोप बसवा. कुंडीच्या मातीतून बुरशी, गोगलगाईची अंडी आणि तणांचं बी कड्यावर पोहोचतं आणि मग ते परत काढता येत नाही. तीन-चार वेगवेगळ्या आयांची रोपं हाताच्या अंतरावर एकत्र लावा, म्हणजे माशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली की वेगळ्या आईचा पराग पोहोचेल. एकाच आईची रोपं रांगेत लावणं हा सगळ्यांत मोठा अपव्यय.

सगळी रोपं एका वर्षी लावू नका. तीन वर्षांत वाटून लावा, कारण एखादं वर्ष दुष्काळाचं निघतंच. प्रत्येक आईचं किमान एक रोप रोपवाटिकेत मागं ठेवा.

नववी पायरी: पाहत राहणं

पहिल्या वर्षी दर महिन्याला, पुढं वर्षातून तीनदा: पालवी फुटल्यावर, फुलं असताना आणि भर उन्हाळ्यात. प्रत्येक क्रमांकापुढे जिवंत, फुललं, शेंग धरली, मेलं यांपैकी एक नोंद. मेलं असेल तर कशानं, हेही लिहा.

निराश होऊ नका म्हणून एक आकडा सांगतो. २०११ साली जगभरातल्या २४९ वनस्पतींच्या पुनर्रोपणांचा आढावा प्रसिद्ध झाला. सरासरी ५२ टक्के रोपं जगली होती, फुलली १९ टक्के, आणि फळ धरलं १६ टक्क्यांनी. म्हणजे रोप जगणं आणि त्यानं वंश वाढवणं यांत मोठी दरी आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर हिरवी दिसणारी रोपं मोजून अहवाल लिहिणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. कोणती आई कुठं टिकली हे तुमच्या वहीतून कळलं, तर मेलेली रोपंही पुढच्या लावणीला उपयोगी पडतात.

आणि तुम्हाला कड्यावर नेमकं काय शोधायचं आहे? तुम्ही न लावलेलं रोप. क्रमांक नसलेलं, पत्र्याची पट्टी नसलेलं, कुठल्या तरी बेचक्यात म्हातारीबरोबर येऊन पडलेल्या बीचं. ते सापडायला पाच वर्षं लागतील, कदाचित दहा. सापडलं की त्याला हात लावू नका. लांबून फोटो घ्या, आणि वहीच्या नव्या पानावर तारीख टाका.